गालातला खडा

यात शिंप्याच्या मेहुण्याला काय मिळणार होतं? मान. बहिणीच्या घरात त्याला आजवर चहा मिळे, मान नाही. तोंडाने चोखून मुतखडे काढणाऱ्या खडेबाबाला आणून भावोजींना बरं केलं, की तोही मिळणार होता.

म्हणून शिंप्याच्या दुकानात ही गर्दी. कापड बेतायच्या टेबलावर खुद्द शिंपीच आडवा. अंगात ताप, दातावर दात वाजताहेत. दवाखान्यात दुर्बिणीतून मुतखडा फोडून तो कालच घरी आला होता.

"थरथरतोय!" बाबा गरजला. "डॉक्टरानं खडा फोडला, पण मूळ कोण काढणार? मूळ सुटतंय, म्हणून अंग हलतंय!"

गर्दीने हात जोडले. हुडहुडीलाही नमस्कार मिळाला.

"ताई, बघ!" मेहुणा फुलला.

शिंपीण बघतच होती. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "ताप आला, हुडहुडी भरली, तर थेट इथे या." सकाळपासून ती गाडी बोलवायचं म्हणत होती आणि भाऊ अडवत होता.

बाबाची जीभ टाळ्याला लागत नव्हती. पण मध्येच तो झोळीशी वाकला, तोंडावरून हात फिरवला आणि चिडीचूप झाला. आता चोखून मूळ काढायचं म्हणून शिंप्याच्या कुशीला तोंड लावणार, तोच शिंपीण आडवी आली.

"बाबा, मंत्र म्हणा ना."

"हूं."

"मोठ्यानं!"

"हूं, हूं!"

"इतका वेळ पोपट होतात, आता मुके कसे झालात? आणि एकच गाल फुगलाय तो? दाढ दुखते?" तिने तांब्या पुढे केला. "माझ्या माणसाला तोंड लावायचं तर आधी चूळ भरा."

"ताई, देवमाणसाला चूळ?"

"देवमाणसाची दाढ तरी दिसू दे."

"भरा की, बाबा!" गर्दीतून कोणीतरी खिदळलं. बाबाला ठसका लागला. बोराएवढा गुळगुळीत खडा टण्णकन शिवणयंत्रावर पडला.

"अगं बाई, न चोखताच निघाला!" शिंपीण म्हणाली आणि भावाकडे वळली. "आण आता गाडी."

"खड्यात जंतू दडलेले असतात," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फोडताना क्वचित रक्तात शिरतात. क्वचितच, पण शिरले तर जिवावर बेततं. सकाळीच का नाही आणलंत?"



शिंपी वाचला. पण रक्तदाब कोसळला तेव्हा बोटांपर्यंत रक्त पोचलं नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली, ती काढावी लागली. सुई धरायची, तीच.

बाबा दुसऱ्या गावी मुळं उपटतो आहे. मेहुणा डॉक्टरांच्या नावानं खडे फोडतो आहे. तुम्ही एवढंच करा: खडा फोडून आलेलं माणूस तापानं थरथरलं, तर हात जोडत बसू नका, दवाखाना गाठा. खडा बाबाच्या गालात होता, मान मेहुण्याला हवा होता. बोटं गेली ती शिंप्याची.