पंगतीत ऐकू गेलेलं वाक्य

मित्रांनो, कोलकात्यातल्या बेहाल्याच्या आमच्या मराठी मंडळात मला सगळे ‘म्हातारा माईक’ म्हणतात. एका कारागिराने जुन्या सुट्या भागांतून मला जोडले आणि मंडळाचे तेव्हाचे चिटणीस शरदरावांनी मला इथे आणले. गणेशोत्सवातल्या आरत्या, नाट्यगीते, इथेच वाढलेल्या मुलांची अडखळती मराठी गाणी, सगळे मी लोकांपर्यंत पोचवले. “आवाज असावा तर असा,” असे लोक म्हणत. पुढे बिनवायरचे माईक आले आणि मी कपाटात जाऊन पडलो.

गेल्या वर्षी ऐन गणेशोत्सवात नवा माईक बिघडला, म्हणून मला बाहेर काढले. त्या दुपारी वादविवाद होता. विषय होता, ‘आपला हिंदू धर्म कशाने दुबळा होतो?’

अलकाताई म्हणाल्या, “मुलांना सण कशासाठी ते सांगता येत नाही. घरातच धर्म उरला नाही, तर देवळात कुठून येणार?”

मग निवृत्त प्राध्यापक दत्तात्रयराव उठले. “धर्म बाहेरच्यांनी नाही, आपणच पोखरला. ज्याला आपला म्हणतो, त्याला शेजारी बसवून घेत नाही, तोवर बळाच्या गोष्टी कशाला?”

टाळ्या थांबेनात. पहिले बक्षीस त्यांनाच मिळाले. खरे सांगतो, माझीही छाती फुगली.

लगेच तिथेच पंगत बसली. अकरा वर्षे आमच्या आरतीला ढाक, म्हणजे बंगाली ढोल, वाजवणारा निताई दरवर्षी डबा घेऊन घरी जायचा. त्या दिवशी वाढायला उभ्या असलेल्या उज्ज्वलाताईंनी त्यालाही माझ्याजवळच पान मांडले. तेव्हा दत्तात्रयराव माझ्याशेजारी येऊन त्यांना हलकेच म्हणाले, “त्याला जिन्याखाली वाढा. कुठल्या जातीचा, कोण जाणे. वैदेहीआजी पंगतीत आहेत, त्यांना चालणार नाही. उगाच वाद नको.”

मला बंद करायचे राहून गेले होते. ते कुजबुजलेले वाक्य मी सभागृहभर पोचवले.

सगळे हात ताटावर थबकले. अकरा वर्षांत निताईला मराठी समजू लागली होती. तो उठला, ढाक खांद्याला लावला आणि जिना उतरून गेला. त्याला हाक मारायला एकही माणूस उठला नाही. मला तर तोंड लपवायला हातही नव्हते.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या वैदेहीआजींनी पान पुढे सारले. “दत्ता, मला चालणार नाही म्हणालास. मला विचारलंस का रे?”



यंदा वादविवादाच्या आधी दत्तात्रयराव माझ्यासमोर उभे राहिले. गेल्या वर्षीचा बक्षिसाचा करंडक त्यांनी टेबलावर ठेवला.

“मी डमडमला निताईच्या घरी गेलो होतो,” ते म्हणाले. “त्यानं मला स्वतःच्या खाटेवर बसवलं. त्याच्या बायकोनं चहा दिला. मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘बाबू, राग नाही. पण तुमच्याकडे आता ढाकावर हात उठायचा नाही.’” त्यांनी करंडक स्वतःपासून दूर सारला. “गेल्या वर्षी मी इथं बोललो ते खरं होतं. बोलणारा खोटा होता.”

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांचा शब्द न् शब्द मी स्वच्छ पोचवला. पण ज्याने तो ऐकायला हवा होता, तो सभागृहात नव्हता.

संध्याकाळची आरती नुसत्या टाळ्यांवर झाली.

मित्रांनो, मला कोरड्या कापडाने पुसा, माझी वायर जपा, एवढे केलेत तरी मी आणखी काही वर्षे टिकेन. माणसाचे मन मात्र तसे दुरुस्त होत नाही. म्हणून माझ्यासमोर चार चांगले शब्द बोलायच्या आधी, आपल्या पंगतीत कुणाचे पान मांडायचे राहिले आहे, ते एकदा पाहून या.