बेंबीवरचं पाखरू

लोहाऱ्याहून माकणीकडं निघालं की डाव्या हाताला पत्र्याचं एक शेड लागतं. गेल्या उन्हाळ्यापर्यंत त्या शेडपुढं दर गुरुवारी आणि रविवारी दोन-अडीचशे माणसं उभी असायची आणि आत एकामागून एक कबुतरं मरायची. कबूतर मेलं की माणसं हात जोडायची. ज्याच्या पोटावर ते मेलं, त्याच्या घरच्यांच्या डोळ्यांत तर पाणी यायचं.

शेडवर फ्लेक्स होता. एका बाजूला शंकराची पिंड, दुसऱ्या बाजूला भगव्या फेट्यातले कपोतनाथ महाराज आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर : 'कावीळ मुळापासून. शंभर टक्के नैसर्गिक. सुई नाही, गोळी नाही.'

महाराजांची रीत साधी होती. काविळीच्या माणसाला उताणं झोपवायचं, सदरा वर करायचा आणि कबुतराचं बूड त्याच्या बेंबीला लावून धरायचं. दीड-दोन मिनिटांत पाखरू मान टाकायचं. मरता मरता हिरवी-पिवळी विष्ठा टाकायचं. महाराज ती बोटावर घेऊन लोकांना दाखवायचे.

"बघा. हीच ती. रक्तातली कावीळ पाखरानं वढून घेतली. डाक्टर वरनं औषध वततो, मंग इष जाणार कुठनं? बेंबी म्हंजी देहाचं पयलं दार. आईच्या पोटात तुमी तोंडानं जेवत हुता का? न्हाय. बेंबीनं जेवत हुता. मंग आत गेलेलं तिथनंच भाईर येणार."

माना डोलायच्या. शिकलेल्यांच्याही डोलायच्या. कारण बेंबीचं तेवढं खरं होतं, आणि एका खऱ्याच्या आडोशानं दहा खोटी आत घ्यायची, हीच या माणसाची विद्या होती.

या शेडला पाखरं पुरवणाऱ्यांत एक धुळाप्पा. लोहारा ते उमरगा काळीपिवळी जीप चालवणारा, चाळिशीचा, घराच्या माळवदावर शर्यतीच्या कबुतरांची ढाबळ असलेला माणूस. त्याची पाखरं सोलापुरात सोडली की दीड तासात घरी येत. ढाबळीच्या दवापाण्यासाठी चार तालुक्यांतले शौकीन त्याला विचारायला येत. आठवड्यातून एकदा पाण्यात ठेचलेला लसूण. दाण्यासोबत विटकरीचा चुरा आणि अंड्याची टरफलं. पिसं झडायच्या दिवसांत मूठभर जवस. हे सगळं सांगून झालं की तो शेवटी एक वाक्य हमखास म्हणायचा, "पण घशात पिवळा चिकटा दिसला तर लसूण ठेवा बाजूला आन् जनावराच्या डाक्टरकडं पळा. म्या एका वर्साला लसणाच्या भरवशावर पंधरा पाखरं मारलीत."

पाखरांच्या बाबतीत एवढी अक्कल असलेला हा माणूस महाराजांना मात्र थकलेली, शर्यतीतून बाद झालेली पाखरं स्वतःहून नेऊन देत होता. पैसा घेत नव्हता. म्हातारं पाखरू माणसाच्या कामी येतंय, याचं त्याला समाधानच होतं. पाखरं मरताना बघवत नाही म्हणून तो आत जायचा नाही. पिंजरा दारात ठेवायचा आणि जीपमध्ये जाऊन बसायचा. सहा महिन्यांत त्याची साठएक पाखरं त्या शेडात संपली.

मग त्याच्या भाचीला कावीळ झाली.

आरोही नऊ वर्षांची. धुळाप्पाची बहीण दैवशाला हिची एकुलती पोर. दैवशालाचा नवरा सोलापुरात कारखान्यात कामाला. घरात चालायचं ते तिच्या सासूचं, मथुराबाईंचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं पोरीचे डोळे बघून रक्त तपासायला चिठ्ठी लिहून दिली होती. मथुराबाईंनी ती चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली आणि नातीला महाराजांकडं नेलं. महाराजांनी अकरा पाखरं सांगितली, चार बैठकांत. मधल्या दिवसांत दवाखान्याचं तोंड बघायचं नाही. सुई टोचली की विद्या उलटते.

धुळाप्पालाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट त्यानं चांगली पाखरं निवडून दिली.

चौथ्या बैठकीला महाराजांचा निरोप आला. कावीळ जिद्दी आहे, शेवटचं पाखरू जातवंत, लांब पल्ल्याचं पाहिजे. धुळाप्पानं लाखी काढली. त्याची सगळ्यांत तेज मादी. काळजावर दगड ठेवून त्यानं तिला पिंजऱ्यात घातलं आणि बहिणीच्या दारात जीप लावली.

आरोही आत अंथरुणावर होती. पोर हळदीसारखी पिवळी पडली होती. सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. "मामा आलाय बग," असं दैवशाला म्हणाली तेव्हा तिनं डोळे उघडले, त्याच्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघितलं आणि काहीतरी असंबद्ध पुटपुटून पुन्हा डोळे मिटले.

"दैवा, ही वळखंना की मला."

"रातच्यापासनं असंच करायलीय, अण्णा. दवाखान्यात न्यावं म्हणते, पर ह्या न्हाय म्हणत्यात."

"अकरा पाखरं हुईस्तवर दवाखाना न्हाय," मथुराबाई म्हणाल्या. "एकच राह्यलंय. आता अर्ध्यात मोडलं आन् पोरीला काय झालं, तर कुणाच्या डोक्यावर?"

पोरीला चालता येईना. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा धुळाप्पा तिला उचलून शेडच्या आत गेला. रांगेत पुढं एक तरुण झोपलेला होता. महाराजांनी मागच्या खोलीतून पाखरू आणलं, बेंबीला लावलं आणि मंत्र सुरू केला. सगळे पाखराकडं बघत होते. धुळाप्पा मात्र सवयीनं हाताकडं बघत होता. पाखरू धरणारा माणूस दुसऱ्या पाखरूवाल्याचा हातच आधी बघतो.

जाणता माणूस कबुतराचे पाय दोन बोटांत घेतो, तळवा खाली लावतो आणि छाती मोकळी सोडतो. महाराजांचे अंगठे पाठीवर होते आणि आठही बोटं पंखांखालून छातीच्या हाडावर. बोटांची टोकं पांढरी पडली होती. पाखराची शेपटी खालीवर व्हायला लागली. चोच उघडली. डोळ्यावर पापणी आली. हे मरण धुळाप्पानं आधी एकदा बघितलं होतं. स्वतःच्या हातात. विसाव्या वर्षी औषध पाजताना त्यानं एक धडपडणारं पाखरू असंच आवळून धरलं होतं. ते गेलं तेव्हा जनावराच्या डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं, की पाखराचा श्वास छातीच्या हाडावर चालतो. ते हाड खालीवर झालं तरच हवा आत जाते. छाती दाबली की तोंड उघडं असूनही ते गुदमरतं.

पाखरानं मान टाकली. हिरवी विष्ठा पडली. महाराजांनी बोट वर केलं आणि लोकांनी हात जोडले. त्या हिरव्या रंगाचाही अर्थ धुळाप्पाला ठाऊक होता. दोन दिवस दाणा न मिळालेलं पाखरू असंच हिरवं टाकतं. त्याच्या ढाबळीत शिकलेले दोन धडे होते हे, आणि ते डोक्यात असताना त्यानं साठ पाखरं या माणसाच्या हातात दिली होती. पाखरांचं एक वेळ राहू दे. त्या साठ पाखरांखाली माणसं झोपली होती.

आरोहीचा नंबर आला. महाराजांनी लाखीसाठी हात पुढं केला.

"पाखरू म्या धरतो," धुळाप्पा म्हणाला.

"सिद्ध हात लागतो, बाळा."

"वढतंय कोण, महाराज? पाखरू का तुमचा हात?"

महाराजांनी डोळे मिटले. "पाखरू शिवाचा दूत. हात नुस्ता निमित्त."

"मंग निमित्त माझं चालंल."

त्यानं लाखीचे पाय बोटांत घेतले, तळवा खाली लावला, छाती मोकळी सोडली आणि तिचं बूड भाचीच्या बेंबीला टेकवलं. दोन मिनिटं गेली. पाच गेली. कुणीतरी मोबाइलमध्ये वेळ बघत होतं, कुणी चित्रण करत होतं. सात मिनिटं झाली तेव्हा लाखीनं मान वळवून पंखातलं एक पीस चोचीनं सारखं केलं.

"कावीळ बुजलीय," महाराज म्हणाले. "तुझ्या हाताला इटाळ हाय. पोरीचं बरंवाईट झालं तर पाप तुझं."

लोक कुजबुजायला लागले. दोघं पुढं सरसावले. धुळाप्पानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. त्याला गर्दी पटवायची नव्हती. पोरीची आई पटवायची होती, आणि त्याला वेळ नव्हता.

"दैवा, हिकडं बग. माझ्या बोटाकडं बग."

त्यानं लाखीला पोरीच्या पोटावरून उचलून वर हवेत धरलं, महाराजांच्या पकडीत. अंगठे पाठीवर, बोटं छातीवर. आणि दाबलं. ज्या पाखराला त्यानं अंड्यातून निघाल्यापासून वाढवलं होतं, त्याच्या काळजाची धडधड त्याच्या बोटांना लागत होती. लाखीची शेपटी खालीवर झाली. चोच उघडली. पापणी खाली आली. तेवढ्यात त्यानं बोटं सोडली. लाखी लटपटली, दोन-तीनदा चोच उघडून तिनं हवा घेतली आणि हातातून निसटून शेडच्या छताखालच्या लोखंडी कैचीवर जाऊन बसली.

"आता कुणाच्या पोटावर हुती ती? हवेत हुती. म्या अजून जरा दाबलं असतं तर मेली असती. माझ्या हातात मरंल, तुझ्या हातात मरंल, हितल्या कुणाच्याबी हातात मरंल. त्येला कावीळ लागत न्हाय. नुस्ती छाती दाबाय लागती, तसली ही विद्या."

कुणीतरी त्याची कॉलर धरली. सदऱ्याची दोन बटणं तुटली. "देवाच्या कामात खोडा घालतो व्हय?" असं ओरडत एकानं त्याच्या पाठीत बुक्की घातली. महाराज शांतपणे सांगत होते की ज्याची श्रद्धा कच्ची, त्याच्या घरात गुण येत नाही.

दैवशालानं पोरीला उचललं.

"सूनबाई, एक पाखरू राह्यलंय," मथुराबाई म्हणाल्या.

"राहू द्या," दैवशाला म्हणाली आणि चालत जाऊन जीपमध्ये बसली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मंजुषा यांनी पोरीला बघितलं आणि अर्ध्या तासात रुग्णवाहिका बोलावून लातूरला हलवलं. रुग्णवाहिका निघताना त्या धुळाप्पाला बोलल्या.

"बारा दिवसांपूर्वी मी चिठ्ठी दिली होती. यकृत काम सोडायला लागलंय, म्हणून ती ओळखत नाही. बारा दिवस काय केलंत?"

"पाखरं मारली," धुळाप्पा म्हणाला.

सोळा दिवसांनी आरोही घरी आली. वाचली. डॉक्टर मंजुषा यांनी नंतर धुळाप्पाला नीट समजावून सांगितलं. पोरांची कावीळ बहुतेक घाण पाण्यातून होते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, पाखरू मारलं तरी आणि नाही मारलं तरी. श्रेय महाराजांना. ज्या थोड्यांचं बिघडतं, त्यांना वेळेवर दवाखाना लागतो, आणि नेमकी तीच वेळ महाराज खातात. मोठ्या माणसात तर पित्ताच्या नळीत खडा अडकूनही डोळे पिवळे होतात. तो खडा काय पाखरू ओढणार?

खड्याचं ऐकलं आणि धुळाप्पाला सिद्रामप्पा आठवला. धुळाप्पाच्याच गल्लीतला, पन्नाशीचा, पोटात कळा आणि डोळे पिवळे. सोनोग्राफी करा असं सांगितलं होतं. न करताच शेडात नेलं. अकरा पाखरं झाली आणि तो गेला. आयुष्य तेवढंच होतं, असं महाराज म्हणाले. खडाच होता की दुसरं काही, ते आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

धुळाप्पा सिद्रामप्पाच्या बायकोकडं, इरम्माकडं गेला.

"अक्का, पाखरं माझी हुती."

इरम्मा तांदूळ निवडत होती. हात थांबला. त्यानं सगळं सांगितलं, बोटं कशी, छाती कशी, हिरवं का.

"मंग आता मला कशाला सांगतूस? माणूस माघारी येणार हाय का?"

"न्हाय. तक्रार द्यायचीय. माझ्या भाचीचं ती बरी झाली म्हणून उडवून लावतील. तुमचं उडवता येणार न्हाय."

इरम्माची पोरं नको म्हणत होती, शापाला भीत होती. इरम्मा पदर खोचून उठली. "आनि काय शाप द्यायचा राह्यलाय त्येचा?" एवढंच म्हणाली आणि जीपमध्ये बसली.

जादूटोण्याविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. पोलिसांनी शेडाची मागची खोली उघडली तेव्हा चार खुराड्यांत चाळीसभर कबुतरं होती आणि दाण्याचा कण नव्हता. कपोतनाथांचं नाव कुमार निघालं. ठाण्यात त्यांची भाषा एकदम बदलली. आपण उपचार करतच नव्हतो, नुसतं पाखरू धरायचो, फ्लेक्स भक्तांनी लावला, आणि आपल्याला स्वतःला बीपीच्या गोळ्या चालू असल्यामुळं कोठडीत ठेवू नये, अशी त्यांची विनंती होती. त्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या होत्या.

पंधरा दिवसांनी गावातल्या चावडीपुढं डॉक्टर मंजुषा यांनी काविळीवर माहिती सांगायला लोक बोलावले. पाणी उकळून प्या, डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर रक्त तपासा, वगैरे. लोकांनी ऐकून घेतलं. मग मागून एक बाई उठली.

"समदं खरं, मॅडम. पर माझ्या लेकाची कावीळ त्याच शेडात उतरली. ते कसं खोटं म्हणू?"

डॉक्टर उत्तर द्यायच्या आत इरम्मा उभी राहिली.

"उतरली असंल, बाई. माझ्या शेजारणीचीबी उतरली हुती. तिचं बघूनच म्या माझ्या माणसाला तिथं नेलं. आज तू हे हितं बोललीस, उद्या तुझं ऐकून कुणीतरी आपलं माणूस तिथं नेईल. म्हणून म्हणते, आपलं बरं झालं ते कशानं, हे कळाल्याबिगर कुणाला सांगत फिरू नका. आन् डोळं पिवळं दिसलं तर आदी रक्त तपासा. एकलं जायाला भ्या वाटत आसंल, तर मला हाक मारा. म्या येते संगं."