मालकांचं वैराग्य

माझ्या नवऱ्याला वैराग्य आलं, असं सगळ्या भावकीनं ठरवून टाकलं. मला कुणी इचारलं न्हाय.

नवी पेठेत आमचं साड्यांचं दुकान. आमचे मालक, रेवणप्पा, असे की रिक्षात बसलेलं गिऱ्हाईक हाका मारून माघारी आणतील. असा माणूस दिवाळीपासनं गल्ल्यावर गप बसायला लागला. गिऱ्हाईक आलं काय, गेलं काय, सोयरसुतक न्हाय. जेवण तुटलं. लिंगपूजेला बसले की डोळ्याला धार लागायची.

धाकटे दीर शरणबसव म्हणाले, वैनी, दादा लई वर पोचलेत. झालं! मठातली माणसं यायला लागली. बायका लेकरं आणून त्यांच्या पायावर घालायला लागल्या. एकदा तर हारच घातला, आन् हे खाली मान घालून तसेच बसलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हाडं वर आलीत माणसाची, ती कुणालाच कशी दिसंनात?

मी म्हटलं, दवाखान्यात नेते. दीर म्हणाले, देवमाणसाला येड्यांच्या डॉक्टरकडं नेणार? पाप लागंल. लागू द्या की, म्हटलं, माझ्या नावावर लागू द्या. आन् रिक्षा बोलावली.

मनाच्या डॉक्टरीणबाईंनी नीट इचारपूस केली. मी सगळं सांगितलं. रडणं, उडालेली झोप, ढगळ झालेले सदरे, पाठीतली कळ. त्या म्हणाल्या, उदासीचा आजार हाय, गोळ्या देते. पण साठीत जन्मात पहिल्यांदा उदासी येती आन् वजन असं उतरतंय, तर पोटातबी बघू. कधीकधी आतला आजार आधी मनावरच दिसतो. स्कॅन केला, तर स्वादुपिंडात गाठ निघाली. कॅन्सरची. ल्हान हाय, काढता येईल, पण पुढचं आज सांगता येत न्हाय, असं ऑपरेशनच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यातल्या खोलीत मी यांना इचारलं, एवढे दिवस मला का बोलला न्हाईत?

"कसं बोलू, गौरा? मला नुस्तं भ्या वाटत होतं. कशाचं, ते कळंना. आन् लोक पाया पडायला लागले."

मी त्यांचा हात धरून बसले.

तेवढ्यात दारात दीर, मागं मठातली माणसं, हातात हार. मी उठले आन् दारात आडवी उभी राहिले. दीर हळूच म्हणाले, उद्याचं काय सांगावं वैनी, दादांचा आशीर्वाद घेऊन जातो.

"आशीर्वाद मिळणार न्हाय," मी म्हटलं. "ते भ्यालेत. भ्यालेल्या माणसाजवळ ज्याला बसता येतंय, त्यानं हार भाईर ठेवावा आन् आत यावं."

माणसं एकेक करून जिना उतरली. दीर तेवढे आत आले. सवयीनं पायाशी वाकायला लागले, तसं मी त्यांना खांद्याला धरलं आन् उशाशी बसवलं.