शेवंताबाईनं सोडवलेला स्टड

बालाघाटात भोजराजच्या गॅरेजात त्या दिवशी सकाळपासून एकच काम अडून बसलं होतं. डॉक्टरीण चारुलताबाईंच्या अँबॅसॅडरच्या इंजिनाचं ओतीव बिडाचं हेड टेबलावर पडलं होतं आणि त्यात एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, मोडून अडकला होता. मोडला होता भोजराजच्याच हातून. गंजका नट जोरानं फिरवायला गेला, आणि पाना एकाएकी हलका झाला.

मोडलेलं टोक पृष्ठभागाशी सपाट. पकडायला काही उरलं नव्हतं. ड्रिल जरा तिरकं गेलं की भोकातले आटे जाणार, मग हेडच भंगारात. आणि बाईंना उद्या राजेगावकडे बाळंतिणी तपासायला जायचं होतं.

शेवटी हेड हातगाडीवर घालून तो भरवेलीच्या रस्त्यावर शेवंताबाईच्या दुकानात आला. तिचा नवरा शालिकराम खाणीत वेल्डर होता. त्याची नजर गेली, तेव्हा वेल्डिंगचा होल्डर तिनं हातात घेतला. लोकांनी नावं ठेवली. ती नांगर नि फाटकं जोडत राहिली. पण मोटारीचं इंजिन?

"काहून एवढे घाबरून राह्यले, भाऊ?" तिनं हेडवरून बोट फिरवलं. "बिडाले आग लागू द्याची नाही. फक्त स्टडले पकडाचं."

तिनं मोडक्या टोकावर एक नट ठेवला, काळी काच डोळ्यांपुढे धरली आणि नटाच्या पोटात ठिणगी सोडली. नट स्टडला चिकटून लाल झाला. भोजराजनं घाईनं पाना पुढे केला.

"थांबा!"

लाली विझल्यावर तिनं मेणबत्तीचा तुकडा कडेला टेकवला. मेण वितळून आत झिरपलं. मग तिनं पाना लावला, तोही आवळायच्या दिशेनं.

"उलटं काहून?"

"आधी गंज तर हलू द्या."

तेवढ्यात कट्कन नट निखळून हातात आला. शेवंताबाईनं तो बाजूला टाकला. टोक घासलं, दुसरा नट ठेवला आणि या वेळी ठिणगी जास्त वेळ धरली. पुन्हा थांबणं, पुन्हा मेण.

बारीकसं किरकिरलं.

"सुटला व!" दुकानातल्या कोपऱ्यातल्या खाटेवरून शालिकराम म्हणाला. त्याला दिसत नव्हतं, पण तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

भोजराजनं तर आनंदात तिथंच झटका दिला असता. ती मात्र स्टड जरासा सैल करी, परत किंचित आवळी, मेण लावी. त्या सावळ्या, डाग पडलेल्या हातांत घाई कशी ती नव्हती. अखेर स्टड बाहेर आला. भोजराजनं नवा स्टड बोटांनीच फिरवून पाहिला. सरळ तळापर्यंत गेला.

"शेवंताबाई, हे मले शिकवाल का?"

"हौ, या ना. पण जोर घरी ठेवून या."

शालिकराम खो-खो हसला. दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला आलेल्या चारुलताबाईंनी शाबासकी दिली, तेव्हा भोजराजनं नकारार्थी मान हलवली. "जोडली मी, बाई. वाचवली शेवंताबाईनं. जाता जाता तिच्या दुकानापाशी जरा थांबा, तुमची गाडी चालताना तिले पाहू द्या."

बाई खरंच थांबल्या.