रुसणारी गाठ

धुलाईच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की बायका डब्यांवर तुटून पडायच्या. त्या दिवशी मात्र डबे तसेच राहिले आणि इस्त्रीच्या मोठ्या यंत्रापाशी ही झुंबड उडाली! हॉटेलांच्या ओल्या चादरी या यंत्राच्या एका तोंडातून आत जातात आणि दुसरीकडून पापडासारख्या कडक होऊन बाहेर येतात. पण आज चादरींकडे कोण बघतंय? गाठवाली आली होती!

कमरेला काळा दोरा, दोऱ्याला तीन गाठी, बस्स. मूल नको असेल तोवर दिवस जाणार नाहीत, ही गाठवालीची हमी.

"पहिली गाठ वेळेची, दुसरी वाटेची, तिसरी दाराची!" डोळे मिटून ती घुमत होती. "वेळ बांधली, वाट बांधली, दाराला कुलूप! पण ऐका गं बायांनो, माझी गाठ मोठी मानी आहे. जोडीला गोळी घेतलीत, तांबी बसवलीत, की ती रुसते. रुसली की सुटते!"

"दोऱ्याला रुसायला येतं? मग समजूत कोण काढतं त्याची?"

हा आवाज भिंगरीचा. ताईचा विसरलेला डबा द्यायला ती आली होती. अकरावीतली पोर, वर्षभरापूर्वी वर्गात हजेरी द्यायलाही लाजणारी, पण आता एकदा तोंड उघडलं की बंद करायचं नाव नाही. दोघीतिघी फिस्सकन हसल्या.

गाठवाली हसली नाही. "शंका घेतली की गाठ गेली म्हणून समजा!"

"गप गं!" ताईने डोळे वटारले. "आमच्या मुकादमीणबाईंना विचार. चार वर्षं झाली बांधून."

"चार वर्षं," मुकादमीण म्हणाली. "काही झालंय का मला?" मागून प्रेसवाली बोलली, "मलाही गुण आला." मग गणवेशवाली, मग आणखी कितीतरी जणी. एवढ्या बायका कशाला खोटं बोलतील? भिंगरीने डबा ताईच्या हातात ठेवला आणि ती निघाली.

ताईची गोष्ट जरा वेगळी होती. धाकट्या मुलीच्या बाळंतपणात तिच्या हृदयाची झडप खराब असल्याचं कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं होतं, "आता पुन्हा दिवस जाता कामा नयेत. जिवावर बेतेल." कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी भूल झेपेल इतकी तब्येत सुधारेपर्यंत तिच्या हृदयाला चालणारी गोळी रोज घ्यायची, आणि भावजींनी निरोध वापरायचा. दोन्ही. एकाच्या भरवशावर दुसरं सोडायचं नाही.

ताई वळणाची. सांगितलं ते पाळणारी. डॉक्टरीणबाईंचं तिने तंतोतंत पाळलं, आणि दोरा बांधल्यावर गाठवालीचंही तितकंच तंतोतंत पाळलं. गोळ्या कचऱ्यात गेल्या, निरोधही बंद झाले. भावजींनी कुरकुर केली, तर म्हणाली, "कारखान्यातल्या सगळ्यांना गुण आलाय. मीच कशी अपवाद ठरेन?"

पाळी चुकली तेव्हाही ती कुणाला बोलली नाही. गाठवालीकडे गेली. गाठवालीने तिलाच झापलं, "मनात शंका आणलीस ना?" झालं! ताई दिवसभर उभी राहून चादरी घडी करायची आणि मनातल्या मनात स्वतःचा अपराध शोधत बसायची. पाय सुजले, दोन जिने चढून दम लागायला लागला, तरी घरी "ऊन लागलं असेल" म्हणायची. एका दुपारी ती घडीच्या टेबलापाशीच कोसळली. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी प्रयत्नांची शर्थ केली. ताई परत आली नाही. पोटातलं बाळही नाही.

मागे दोन मुली. मोठी विचारते, "आई कधी येणार?" धाकटी अजून विचारतही नाही, नुसती दाराकडे बघते.

भिंगरी रडून रडून थकली, मग डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसली. "दोन्ही चालू ठेवलं असतं, तरी दिवस गेले असते का हो?"

"शंभर टक्के हमी कशाचीच नसते," त्या म्हणाल्या. "माणूस गोळी विसरतो, म्हणून नुसत्या गोळीवर वर्षभरात शंभरातल्या साधारण सात जणींना दिवस जातात. नुसत्या निरोधावर तेरा जणींना. पण गोळी विसरलेल्या दिवशीच निरोधही फाटणं फार क्वचित घडतं. एक चुकलं की दुसरं सांभाळून घेतं. दोन्ही एकत्र वापरलं तर शंभरात एखादीच."

"आणि गाठ आणि गोळी?"

"मग ती नुसती गोळीच झाली की. जोडीला घ्यायचं ते स्वतः काम करणारं हवं, बाळ."

भिंगरीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाठ काहीच करत नाही, तर मग मुकादमीणबाईंना गुण कशाचा आला?

कॉलेजला सुट्टी लागली तशी ती ताईच्या जागी कामाला घडीच्या टेबलापाशी उभी राहिली. मोठी चादर एकटीला घडी होत नाही. समोर दुसरी लागते, दोन टोकं धरून पुढे यायचं, टोकं जुळवायची, मागे जायचं. पुढे आलं की तोंडं अगदी जवळ येतात आणि यंत्राच्या घरघरीत तिसरीला काही ऐकू जात नाही.

"ताईच्या जागी तुला बघवत नाही गं," प्रेसवाली पुटपुटली. मग टोकं जुळवताना म्हणाली, "खरं सांगू? माझी तांबी आहे. कुणाला बोलू नकोस. गाठ रुसेल म्हणून लपवलं. बाकीच्या सगळ्या खऱ्या भक्त, मीच तेवढी चोर."

दुसऱ्या दिवशी समोर गणवेशवाली. "मी इंजेक्शन घेते. मीच एकटी खोटारडी."

भिंगरीच्या हातातून चादर निसटली.

शेवटी मुकादमीण. "माझं ऑपरेशन झालंय, दुसऱ्या बाळंतपणातच. तुझ्या ताईने मला विचारलं होतं, 'नुसती गाठच ना बाई?' मी म्हटलं, 'नुसती गाठच.' सगळ्यांसमोर कसं कबूल करू?"

पुढच्या वेळी गाठवाली आली, तेव्हा भिंगरी यंत्रापाशीच उभी होती. तिने मोठ्याने विचारलं, "ज्यांनी गाठीशिवाय काहीच केलं नाही, गोळी नाही, तांबी नाही, इंजेक्शन नाही, ऑपरेशन नाही, निरोध नाही, आणि तरी दिवस गेले नाहीत, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच चोर आहोत. आता कळलं, अख्खा कारखानाच चोर होता.

"नुसती गाठ बांधणारी इथे एकच होती," भिंगरी म्हणाली. "गोळीचं काम गोळीने केलं, तांबीचं तांबीने. नाव झालं गाठीचं. आणि जिला गुण आला नाही, तिला ही म्हणते, तुझंच चुकलं! म्हणून ती गप्प बसते. असा चालतो हा चमत्कार."

गाठवाली पिशवी आवरत फणकारली, "तिच्याच मनात शंका होती!"

"नव्हती हो," भिंगरी म्हणाली. "तेच तर दुःख आहे. शंका असती, तर ताई आज इथे असती."

मुकादमीण हुंदका देत पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "माझं ऑपरेशन झालंय." मग प्रेसवाली बोलली. मग गणवेशवाली. यंत्र बंद होतं, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता.

बायांनो, लाज वाटली तरी खरं सांगा. डॉक्टरांना विचारा, काय वापरू, जोडीला काय वापरू. आणि कुणी शंका घेऊ नका म्हणालं, तर तिथेच पहिली शंका घ्या. तुम्ही लपवलेल्या गोळीवर विसंबून दुसरी कुणीतरी स्वतःची गोळी फेकून देत असते.