पाचवीला बंद असलेली खिडकी

मी एक जुनी सागवानी खिडकी आहे. उंब्रजच्या एका शेतकरी घरात, आतल्या खोलीच्या भिंतीत मी कितीतरी वर्षे उभी आहे.

मित्रांनो, गुंडा सुताराने मला घडवले तेव्हा माझी दोन्ही दारे उसाच्या फडाकडे उघडायची. बाहेरचा वारा मी आत घ्यायची, आतली कोंदट हवा बाहेर सोडायची. आलेगेले म्हणायचे, "हितं लय गार वाटतंय." पुढे महामार्ग रुंद झाला, धूळ येऊ लागली आणि मला कडी लागली ती कायमचीच.

मग या घरची लेक अश्लेषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बारसे सव्वा महिन्याने करायचे होते, पण साक्षी हे नाव अश्लेषाने मनात धरून ठेवले होते. तिच्या आईने, चंद्राबाईंनी, जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबून माझ्या फटीसुद्धा बुजवल्या.

"आई, थोडी उघडू का? जीव घुसमटतोय."

"गप पड. बाळंतिणीच्या कानात वारं शिरलं म्हंजी जन्माचं दुखणं."

माया होती हो त्यात. म्हणून तर अश्लेषा कूस बदलून पडून राहिली.

पाचवीला खोली बायकांनी भरली. शेगडीवर ओव्याची धुरी चालली होती. माझ्या एका भोकातून उन्हाची तिरीप येत होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. पावलांनी उडवलेली, पदरांतून झडलेली. न दिसणारे सूक्ष्मजीव त्या धुळीबरोबर आणि प्रत्येकीच्या श्वासाबरोबर हवेत उतरत होते. माणूस नुसता बसला तरी ते हवेत सोडतो. बहुतेक निरुपद्रवी असतात, पण सगळेच नव्हेत. त्यांना बाहेर काढायचे काम माझे होते, आणि मी बंद होते.

तेवढ्यात ओसरीवर खोकला ऐकू आला. अश्लेषाचे थोरले चुलते, लालासाहेब, आले होते. कित्येक दिवस त्यांना उबळ यायची.

"आई, तात्यांना बाहेरूनच बघू दे ना," अश्लेषा कुजबुजली.

"चुलत्याला दारात उभं करणार व्हय? मिल्ट्रीतनं सुट्टीवर आले की तुला खांद्यावर घिऊन सारा गाव हिंडवायचे."

लालासाहेबांनी बाळाला छातीशी धरले. उबळ आली तेव्हा त्यांनी मान फिरवली, माझ्याकडे. "तपकिरीनं हुतंय गं," ते हसून म्हणाले.

पुढच्या पंधरवड्यात बाळ खोकू लागले. खोकता खोकता निळे पडायचे. आधी कराडला नेले, तिथून सांगलीला. डॉक्टर म्हणाले, डांग्या खोकला. मोठ्यांना नुसता छळतो, तान्ह्यांचा श्वास थांबवतो.

अश्लेषा परत आली ती रिकाम्या हातांनी. तिने माझ्या फटींतल्या चिंध्या एकेक करून उपसल्या आणि मला सताड उघडले.

आता लालासाहेब येतात ते अंगणातच थांबतात. तोंडाला उपरणे बांधलेले असते.

"आत या की, भावजी," चंद्राबाई म्हणतात.

"नगं. मी हितंच बरा हाय."

मित्रांनो, हे वाक्य लालासाहेब पाचवीलाच बोलले असते तर कुणाचा मान गेला नसता. तान्हे बाळ असेल त्या घरी खोकला घेऊन जाऊ नका. आणि माझ्यासारखी एखादी खिडकी बंद दिसली, तर तिची कडी काढा. माझी काढली, तेव्हा खोलीत पाळणा नव्हता.