कोरडं चाललेलं इंजिन

बोटीच्या इंजिनाचे पाइप मी जाळले होते आणि माझा मेहुणा त्याचं खापर माझ्या बायकोवर फोडत होता. तिला जाऊन चार महिने झाले होते.

इंजिनाचा धूर रबरी पाइपातून मागच्या बाजूला बाहेर पडतो. तो फार तापलेला असतो, म्हणून बाहेरचं पाणी ओढून त्या पाइपात सोडावं लागतं. पाणी आत येण्यासाठी बोटीच्या तळाशी एक कॉक आहे. बोट बांधली की तो बंद करायचा, निघताना उघडायचा. बावीस वर्षं ते काम तिचं होतं. मी वर सुकाणूशी बसायचो, ती खाली उतरायची, कॉक उघडून "हं" म्हणायची आणि मी किल्ली फिरवायचो.

पंधरा दिवसांपूर्वी मी पहिल्यांदा एकटा निघालो. वर बसलो. तिला खाली जायला लागायचा तेवढा वेळ थांबलो आणि किल्ली फिरवली. रबर जळल्याचा वास आला तेव्हा समजलं.

पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी पंखाही कोरडा फिरून तुटला होता. तो मी गुपचूप बदलला. पाइप मात्र एकट्याने निघेनात, गुडघे वाकत नाहीत. मेहुण्याने जन्मभर इंजिनंच दुरुस्त केलीत. त्याला बोलावलं आणि सांगितलं, पाइप जुने झालेत.

रविवारी मुलगी नातीला घेऊन बोटीवर येणार होती. "बाबा, एकट्याने झेपत नसेल तर विकून टाका," असं तिचं चाललं होतं. झेपतंय, असं मी म्हणत होतो.

मेहुणा इंजिनाशेजारच्या फटीत आडवा पडला होता.

"दाजी, जरा सरका. तुमच्या पोटाने उजेड अडतोय."

"तुझं काय लहान आहे?"

"लहान नाही, पण माझं कामावर आलंय. तुमचं नुसतं बघायला."

पाइप निघत नव्हता, म्हणून त्याने तो पात्याने उभा चिरला. बाहेरून धड दिसत होता. आतून मात्र रबराला फोड आले होते आणि पापुद्रे सुटून भोक निम्मं बुजलं होतं.

"पंखा तर नवाकोरा आहे," तो म्हणाला.

"मागेच बदलला."

"मग पाण्याची तक्रार नाही. पाइपच भिकार. कोणी आणले होते?"

मी चिरलेला पाइप उलटसुलट करून बघत राहिलो.

"ताईनेच असणार. कुठे काटकसर करावी आणि कुठे नाही, तिला कधी कळलंच नाही. सांगायला गेलं तर ऐकेल ती ताई कसली!" तो हसला. मग हसू थांबलं आणि तो उगाचच चिंधीने बोटं पुसत बसला.

ते पाइप आणायला ती तीन दुकानं फिरली होती. प्रत्येक पाइप वाकवून बघत होती, आतली तार दाबून बघत होती. दुकानदार वैतागला होता. मी शेजारी उभा होतो. हे सगळं आठवत असून मी मूग गिळून बसलो.

नवा पाइप चढवायला दोन तास गेले. टोक गरम पाण्यात धरायचं, साबण लावायचा, पिळत पिळत ढकलायचं. मध्ये दोघंही दम खात होतो. प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लॅम्प आवळले.

"चला, सुटलो," तो म्हणाला. "कोरडं चाललं असतं तर पुढचा सायलेन्सरचा डबापण काढावा लागला असता. प्लॅस्टिकचा आहे, वितळतो. मग सगळा धूर खालच्या खोलीत."

नात बोटीवर आली की खालच्या खोलीतच झोपते.

"डबा काढ," मी म्हणालो.

"कशाला?"

"कोरडंच चाललं होतं. पाचेक मिनिटं. कॉक मी उघडलाच नव्हता."

"आणि हे आत्ता सांगताय? सगळे क्लॅम्प आवळून झाल्यावर?"

"पाइप चांगले होते. तिने निवडून आणले होते."

"मी ताईला नावं ठेवत होतो आणि तुम्ही ऐकत होतात."

"हो."

"शाबास, दाजी."

तो पुन्हा फटीत शिरला आणि तासभर खपला. मागची फळी उखडली, पाइप परत सोडवला, डबा ओढून काढला. तळाला पोक आलं होतं आणि जोडावर बोटभर चीर गेली होती. त्याने ती मला दाखवली. नवा डबा मंगळवारशिवाय मिळणार नव्हता.

मी मुलीला फोन लावला. "रविवारी बोट निघत नाही. कॉक उघडायला विसरलो. पाइप जळले, डबा फुटला."

तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"विका म्हणायचं असेल तर म्हण."

"कॉक आई उघडायची ना?"

"हो."

पलीकडे नात काहीतरी आपटत होती. "मामाला द्या," मुलगी म्हणाली.

त्याने काळ्या हातांनीच फोन घेतला. "बोल गं... हो, फुटलाय... नाही, स्वतःहूनच सांगितलं... विकायचं मंगळवारनंतर बघू, मला काय विचारतेस... बरं." फोन परत देऊन तो तिथेच फळीवर आडवा झाला.

"काय म्हणाली?"

"रविवारी येतेय. बोट बांधलेलीच राहू दे म्हणाली. कॉक कुठे आहे, तो तिला बघायचाय."

पाने-पक्कड तशीच पसरलेली होती. गोळा करायला दोघांपैकी कोणीच उठलं नाही.